आधी विश्वास, मग वाद

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दहावी 'ब', १९९६ च्या माझ्या सवंगड्यांनो,

संयोजकांनी मला विषय दिला, "भांडता भांडता प्रेम कसं जमतं, ते सांग." मीच का, असं विचारलं तर म्हणाले, आपल्या वर्गातल्या वर्गात लग्न केलेली जोडी एकच, आणि वर्गात सगळ्यांत जास्त भांडणारी जोडीही तीच. यावर काय बोलणार?

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नववीत मराठीच्या बाईंनी वादविवादासाठी विषय दिला होता, 'विज्ञान : शाप की वरदान'. मला 'शाप' मिळाला, त्याला 'वरदान'. त्याचा पहिला नंबर आला, माझा दुसरा. बक्षीस समारंभ संपला, पण वाद संपला नाही. सायकली हातात धरून आम्ही पोवई नाक्यापर्यंत भांडत जायचो, ते दहावीची परीक्षा संपेपर्यंत. आज तो 'वरदान'वाला बँकेत आहे आणि मोबाइल जरा अडला की मला हाक मारतो. 'शाप'वाली मी वीसेक वर्षं त्याच शापावर पोट भरते आहे.

या भांडणांमुळे तुम्ही माझं नाव पाडलंत, 'त्राटिका'. तेव्हा राग आला होता, आज सांगून टाकते. पुढे कळलं की 'त्राटिका' नावाचं एक जुनं, गाजलेलं मराठी नाटकही आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून केलं. मूळ नाटकात नवरा तोंडाळ बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि ती वठणीवर आली की सगळे आनंदी! छे, हे आमचं नाटक नव्हे.

आमचं नाटक शेक्सपिअरचंच, पण दुसरं. 'मच अडू अबाउट नथिंग'. आपल्या भाषेत, नसती उठाठेव. ते १६०० साली छापलं गेलं. मी मात्र त्यावरचा १९९३ चा सिनेमा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलीबरोबर पाहिला आणि थक्क झाले. बिअॅट्रिस आणि बेनेडिक समोरासमोर आले की शब्दाने शब्द वाढतो. लग्न हा शब्द दोघांनाही नको. मग मित्रमंडळी कट करतात. बेनेडिक बागेत लपून ऐकतो आहे हे पाहून मुद्दाम बोलतात की बिअॅट्रिस त्याच्यासाठी झुरते आहे. तिच्याही कानांवर तसंच घालतात. थाप दोन्हीकडे लागू पडते.

सिनेमा पाहताना मी ओरडलेच, "अरे, हे तर अजिंक्यतारा!"

२००३ ची दिवाळीची सुट्टी. आपण दहाबारा जण किल्ल्यावर गेलो होतो. माझ्या मागून चालणाऱ्या दोघी, आत्ता तिसऱ्या रांगेत तोंडावर पदर घेऊन हसताहेत त्याच, मला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या की तो अजून तिच्याशी भांडणं आठवून हसतो म्हणे. त्याच वेळी पुढे चाललेल्या मित्रांनी त्याला सांगितलं की ती तुझी चौकशी करत होती. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या! त्यानंतर आम्ही दोघं पुण्यात एकमेकांना फोन करायला लागलो, आणि थाप उघडकीला आली ती २००५ साली, आमच्या लग्नाच्या पंगतीत.

तेव्हापासून तुम्ही सगळे या लग्नाचं श्रेय घेता. आज त्यातलं अर्धं परत मागायला मी उभी आहे. थापेने आम्हाला एकमेकांच्या दारापर्यंत आणलं. दार उघडलं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

२००४ साली माझ्या नोकरीवर गदा आली होती. ग्राहकांच्या बिलांच्या बेरजा काही पैशांनी चुकत होत्या आणि प्रोग्राममध्ये शेवटचा बदल माझा होता. सोमवारी लेखी खुलासा द्या, असं सांगण्यात आलं. जवळच्या सहकाऱ्यांनीही 'कबूल करून मोकळी हो' असाच सल्ला दिला. शनिवारी रात्री त्याचा नेहमीसारखा फोन आला. मला वाटलं, आता हा उलटतपासणी घेणार. त्याने एवढंच विचारलं, "तुझी चूक आहे, असं तुला वाटतं?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं. उद्या भेटू, शोधून काढू."

रविवारी अमृततुल्यात बसून मी त्याला कुठलाही कागद न दाखवता नुसती पद्धत सांगत गेले आणि तो नववीतल्यासारखा प्रत्येक वाक्याला अडवत गेला. तिसऱ्या चहाला त्याने खास बँकवाला प्रश्न विचारला, "तुम्ही पैसे पूर्णांकात कधी करता? प्रत्येक ओळीला, की शेवटच्या बेरजेला?" मी गप्पच झाले. माझा भाग बेरजेला करत होता. माझ्या आधीचा, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला भाग प्रत्येक ओळीला करत होता. सोमवारी मी उदाहरणासकट ते मांडलं. नोकरी राहिली. पण घरी येताना मी नोकरीचा विचार करत नव्हते.

त्या नाटकातही असंच आहे. बिअॅट्रिसच्या चुलत बहिणीवर भर लग्नात खोटा आळ येतो. आळ घेणारा बेनेडिकचा जिवलग मित्र असतो. बेनेडिक बिअॅट्रिसला एकच विचारतो, तुला मनापासून वाटतं का की हा अन्याय आहे? ती हो म्हणते, आणि हा आपल्या मित्रापुढे उभा ठाकतो. खरं प्रेम मला तिथे दिसतं. बागेतली गंमत ही नुसती सुरुवात.

आमची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिने परवा विचारलं, "मग सारखं चिडवणारा मुलगा म्हणजे प्रेम करणारा समजायचा का?" मी म्हटलं, अजिबात नाही. भांडणात तुझंही पूर्ण ऐकून घेतो का, ते बघ. आणि तुझ्यावर वेळ आली की तो आधी विश्वास ठेवतो आणि मग वाद घालतो, की उलट, तेही बघ.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी तुम्ही मला 'शाप' दिलात, त्याबद्दल आज मनापासून आभार मानते.

हे भाषण काल रात्री मी त्याला वाचून दाखवलं. त्याने सगळं मान्य केलं, फक्त त्या रविवारी तिन्ही चहांचे पैसे त्यानेच दिले होते, हे घाल म्हणाला. ते साफ खोटं आहे. पैसे मी दिले होते.