कारण कोणते, हे कोण ठरवणार?



 तत्त्वज्ञानाच्या परिषदेत स्वागताध्यक्षाने जिल्ह्याची थोरवी सांगावी आणि गैरसोयीची आगाऊ क्षमा मागावी, असा रिवाज आहे. क्षमा मागून घेतो. थोरवी मात्र राहू द्या.

१९ मार्च १९८६ रोजी याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. पुढे अशा मृत्यूंची रांगच लागली, आणि प्रकरण सरकारी मदतीस पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती ठरवू लागली. सातबारा कोणाच्या नावे? कर्ज बँकेचे की सावकाराचे? नापिकी होती का? त्यावर कुटुंबाची एक लाखाची मदत ठरते.

मी पेशाने वकील. असल्या फायली वाचल्या आहेत. कर्जापायी दारू लागली की दारूपायी कर्ज झाले? यातले कारण कोणते मानायचे? तत्त्वज्ञ ह्यूमपासून आपण प्राध्यापक वर्गात कार्यकारणभाव शिकवता; इथे तो बैठकीत निकाली निघतो आणि तिथे आपल्यापैकी कोणी नसते. जन्मभर शेतात राबलेल्या, पण नावावर गुंठाही नसलेल्या बाईला शेतकरी म्हणायचे की नाही, हाही प्रश्न तिथलाच.

२०१९च्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन इथे राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले. आधीच्या उद्घाटकांच्या निमंत्रणाचा वाद झाल्यावर का होईना, व्यासपीठ तिला मिळाले, आणि तिचे भाषण गाजले. तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठाने असल्या वादाची वाट पाहू नये.

तत्त्वज्ञान वर्गाबाहेर नेणे विदर्भाला अगदीच नवे नाही. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून मासिक सुरू केले, तेच ‘आजचा सुधारक’. काटेकोर युक्तिवाद मराठीत, वर्गाबाहेरच्या वाचकासाठी! पण मासिक वाचणाऱ्यापर्यंतच पोचते. वाचत नाही त्याच्याकडे आपल्यालाच जावे लागेल.

म्हणून विनंती: उद्याचे निबंध दहा-दहा मिनिटांत आटपा, उरलेला वेळ सभागृहाला द्या. कोलामांच्या पोडावरून, बंजारा तांड्यावरून आलेली माणसे वऱ्हाडीत, गोरमाटीत विचारतील. ‘हा विषयाबाहेरचा प्रश्न’ म्हणू नका. आणि पात्र-अपात्रतेचे निकष कोणत्या तर्कावर उभे आहेत, याचे परखड टिपण जाण्यापूर्वी लिहून द्या. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देण्याची जबाबदारी माझी.