उदगीरचा विजय आणि उशिरा आलेली पत्रे

पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांनी उदगीरला निजामाला नमवले ते ३ फेब्रुवारी १७६० ला. तहात साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले पदरात पडले. दिल्लीजवळ बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे मात्र अब्दालीशी लढताना १० जानेवारीलाच पडले होते. तेव्हा ‘अब्दाली दारात असताना हे दक्षिणेत कसे रमले?’ असे विचारण्याआधी कोणते पत्र कोणाच्या हाती कधी पडले, हे पाहावे. दत्ताजींच्या मृत्यूची बातमी दख्खनेत पोहोचली उदगीरनंतर. मार्चमध्ये परतूरला भाऊंना उत्तरेस पाठवायचे ठरले, यात दिरंगाई कसली?

यावर आक्षेप येतोच, की पत्र लिहिणारा आपलीच बाजू सजवणार. खरे आहे. पैशाच्या तगाद्याला उत्तर देताना कोण अडचणी कमी सांगेल? पण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चाळली, की एकाच प्रसंगावर अनेकांची पत्रे समोर येतात आणि एकाची बढाई दुसऱ्याच्या तक्रारीत उघडी पडते. अडचण निराळीच आहे. अमेरिकेच्या अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्या पत्रांवर साल असते. आपल्याकडे मोडीतला मजकूर, ‘बहुत काय लिहिणे’, लेखनसीमेची मोर्तब, सारे जागच्या जागी. चंद्राची तिथीही असते, पण साल पुष्कळदा गायब! मग पावसाच्या, मुक्कामाच्या उल्लेखांवरून संपादकाला ते ठरवावे लागते, आणि तिथे चूक झाली तर दोषही भलत्याच्याच माथी बसतो.