खोबरेल गोठते, करडईचे तेल वाहते

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर हिवाळ्यात आमच्यापुढे एकच प्रश्न येतो. ज्वारी चांगली पुरुषभर वाढली, कणीस निसवले, पण दाणा भरला नाही. कपाशीवाला येतो, पाने लाल झाली म्हणतो. दोघेही विचारतात, "कोणता रोग आहे? कोणते औषध मारू?" दुकानदार तर वाटच पाहत असतो. टॉनिकची बाटली हातात देतो, पैसे उधारीच्या वहीत मांडतो. कणीस मात्र पोचट ते पोचटच राहते.

म्हणून आज गारठ्याने झाडाच्या आत नेमके काय होते ते सांगायचे आहे. कृषी महाविद्यालयात आम्ही पेशीच्या आवरणाचे चित्र परीक्षेपुरते काढले आणि विसरलो. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहिल्यावर त्या चित्राचा अर्थ कळला.

सुरुवात घरापासून करू. थंडीच्या सकाळी खोबरेलाची बाटली दगडासारखी गोठलेली असते. पोरीची वेणी घालायची तर आई बाटली आधी उन्हात ठेवते. त्याच फळीवरचे करडईचे तेल मात्र सरळ ओतता येते. घर एक, गारठा एक, मग दोन तेले वेगळी का वागतात?

तेल मेदाम्लांचे बनते. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची लांब साखळी. काही साखळ्या सरळ असतात, काहींना मध्ये बाक असतो. सरळ साखळ्यांना संपृक्त म्हणतात, बाकदारांना असंपृक्त. ज्वारीचा कडबा सरळ, म्हणून त्याची पेंढी घट्ट बसते. पऱ्हाट्यांचा भारा कितीही आवळा, वेड्यावाकड्या काड्यांत फटी राहतातच. खोबरेलात सरळ साखळ्या फार, त्या थंडीत एकमेकींना चिकटून घट्ट होतात. करडईत बाकदार साखळ्या फार, त्या चिकटत नाहीत. हा बाक किती मोठे काम करतो पाहा. १८ कर्बांचे सरळ स्टिअरिक आम्ल वितळायला सुमारे ७० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्याच कर्बांच्या ओलेइक आम्लाला एक बाक आहे, ते १३ अंशांच्या आसपासच वितळते. दोन बाकांचे लिनोलेइक आम्ल शून्याखाली ५ अंशांपर्यंत पातळ राहते.

आता शेतात चला. ज्वारीच्या प्रत्येक पेशीभोवती अशाच मेदाचा पापुद्रा असतो. शास्त्रात त्याला पेशीपटल म्हणतात. एका मिलिमीटरचे दोन लाख भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी त्याची जाडी. त्यात प्रथिनांची दारे आणि पंप बसवलेले असतात. क्षार आणि साखर त्यांतून आत-बाहेर होतात. पापुद्रा तेलासारखा पातळ असेल तोवर ही दारे नीट चालतात. गारठ्यात सरळ साखळ्या घट्ट झाल्या की पापुद्र्यात जागोजाग घट्ट ठिगळे पडतात, दारे अडकतात, आणि ठिगळांच्या कडेने आतला रस पाझरू लागतो. फार उन्हात याच्या उलट होते. पापुद्रा नको तितका सैल होतो आणि तेव्हाही पाझरतो.

गहू थंडी पडू लागली की पापुद्र्यात बाकदार साखळ्या वाढवतो. ज्वारी मूळची आफ्रिकेच्या उष्ण मुलखातली, तिला हे तितके जमत नाही. १९९२ साली जपानमधील मुराता यांच्या गटाने तंबाखूवर प्रयोग केला. भोपळ्याच्या जातीतल्या एका पिकाचा जनुक घातल्यावर तंबाखूच्या पापुद्र्यात सरळ साखळ्या वाढल्या आणि झाड थंडीला हळवे झाले. मोहरीच्या कुळातल्या एका रोपाचा जनुक घातला, तेव्हा ते जास्त थंडी सोसू लागले. पापुद्र्यातल्या मेदावर थंडी सोसणे अवलंबून असते, याचा हा पुरावा.

दोन गोष्टी सांभाळून सांगतो. बियातले तेल आणि पानाच्या पापुद्र्यातला मेद ही कोठारे वेगळी आहेत, तेव्हा तेलबियांचे झाड तेवढ्यामुळे थंडीला टणक ठरत नाही. आणि कणीस रिकामे राहण्याला एकटा पापुद्रा जबाबदार नाही. पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत रात्री १३ अंशांखाली गेल्या की ज्वारीचा पराग वांझ निघू लागतो. त्यात परागाला अन्न न मिळणे हेही आले.

आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगरात, थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो. एकदा पराग वांझ झाला की कोणतीही बाटली तो जिवंत करीत नाही. मग करायचे काय?

पहिले, वेळ. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात उरका. उशिराची ज्वारी ऐन थंडीत फुलोऱ्यावर येते आणि तोवर जमिनीतली ओलही सरते.

दुसरे, वाण. मालदांडीने पिढ्यान्‌पिढ्या हा गारठा सोसला आहे. खरिपाची संकरित ज्वारी रब्बीत नेऊ नका. राहुरी विद्यापीठाच्या वाणांपैकी हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा घ्या.

तिसरे, पाणी. विहिरीत एखादी पाळी शिल्लक असेल तर लाटेच्या दिवशी संध्याकाळी द्या. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते.

चौथे, कपाशी. लाल्याला गारठा एक कारण आहे, पण नत्र आणि मॅग्नेशियमची कमतरता व पाण्याचा ताणही आहे. कारण न पाहता फवारा मारला तर पैसा वाया जातो.

पाचवे, बियाणे. दमट, गरम जागी ठेवलेल्या सरकीतले बाकदार मेद हवेने खवट होतात आणि पापुद्रे फाटतात. असे बी भिजले की आतली साखर मातीत पाझरते आणि बुरशीला आयते जेवण मिळते. बी कोरड्या, थंड जागी ठेवा. ज्वारीचे घरचे बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. पंचाहत्तरांपेक्षा कमी उगवले तर ते पेरू नका.

आणि एक मागणी आपण मिळून करू. वाणाची शिफारस छापताना एकरी उताऱ्याबरोबर थंडीच्या वर्षी कणसात दाणे किती भरले, तो आकडाही छापावा. शेतकरी वर्षातून एकदाच पेरतो. चुकला तर त्याचे वर्ष जाते, आकडा छापणाऱ्याचे काही जात नाही.

घरी गेल्यावर उद्या सकाळी त्या दोन बाटल्या पोरांना दाखवा. टॉनिकची बाटली घेण्याआधी तेवढे आठवले, तरी आजच्या सभेचे चीज झाले असे आम्ही मानू.