प्रौढांचा वर्ग आणि हुनराचा वर्ग

(संस्थेच्या वार्षिक समारंभात मरोळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक समारंभात मुलांच्या निकालांचे कौतुक होते, आणि ते झालेच पाहिजे. परंतु आज मी मुलांविषयी बोलणार नाही. त्यांना घेऊन आलेले आणि मागच्या रांगांत बसलेले जे आईबाप आहेत, त्यांच्याविषयी बोलणार आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्रौढ शिक्षणाच्या आणि हुनर शिकवणाऱ्या वर्गांत पूर्वी कोण येत होते, आज कोण येते, आणि कोण येईनासे झाले, हा माझा विषय आहे. विषय जरा रुक्ष आहे आणि त्यात आकडेही आहेत. पण या आकड्यांमागे आपल्याच घरातली माणसे आहेत, हे लक्षात ठेवून आपण ऐकावे, आणि स्मरणिकेत वाचणाऱ्यांनी वाचावे, एवढी विनंती आहे.

प्रौढ शिक्षणाचे काम मुंबईला नवे नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, मुंबईत प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली. पुढे ती मुंबई शहर समाजशिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. या कामात कुलसुम सयानी या भगिनीचे नाव आपण विसरता कामा नये. पडद्यातल्या बायका वर्गाला येत नाहीत, तर शिक्षिकेनेच त्यांच्या घरी जावे, हा त्यांचा सरळ विचार होता. थोड्याशा पैशांवर दोन शिक्षिका नेमून त्यांनी मोहल्ल्यांतून काम सुरू केले. नवसाक्षरांना वाचायला काहीतरी हवे म्हणून १९४० साली त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढले. सोप्या हिंदुस्तानीतले हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि ते १९६० पर्यंत चालले. आवाजाच्या दुनियेत नाव कमावलेले अमीन सयानी हे त्यांचे चिरंजीव. लहानपणी त्यांनीही या पाक्षिकाच्या कामात हात दिला होता. शिकणाऱ्याच्या सोयीने शिकवायचे, ही जी गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ती या बाईंनी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी प्रत्यक्ष करून दाखवली होती.

दुसरा टप्पा कामगारांचा. १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत, वरळीला सुरू झाले. ते उभे करण्याचे काम याच समाजशिक्षण समितीने केले. कामगाराला अक्षरओळख, त्याच्या कामाचे तंत्र, आरोग्य, घरखर्चाचा हिशेब आणि नागरिक म्हणून त्याचे हक्क हे सारे एकाच ठिकाणी, त्याची पाळी सांभाळून शिकवावे, अशी त्यामागची कल्पना होती. अक्षर आणि हुनर या दोन गोष्टी तिथे वेगळ्या मानलेल्या नव्हत्या. गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या माणसाला दोन्ही लागतात, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

तिसरा टप्पा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा. तो २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला. १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिकवण्याचा संकल्प होता. एका केंद्रात तीस प्रौढ, दहा महिन्यांत तीनशे ते साडेतीनशे तास, असा आराखडा होता. संकल्प मोठा होता आणि तो मुदतीत पुरा झाला नाही. मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, आणि केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्याच्या यशानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून साक्षरता मोहिमा निघाल्या. देशातील साक्षरतेचे प्रमाण १९९१ मध्ये ५२ टक्के होते, ते २००१ मध्ये जवळजवळ ६५ टक्के झाले. निरक्षरांची एकूण संख्याही त्या दहा वर्षांत स्वातंत्र्यानंतर प्रथमच कमी झाली. हे श्रेय शाळांचे जसे आहे, तसे कंदिलाच्या उजेडात शिकवणाऱ्या हजारो स्वयंसेवकांचेही आहे.

यानंतर मात्र वाट बदलली. २००९ साली ‘साक्षर भारत’ हा कार्यक्रम आला. त्याचा भर स्त्रियांवर होता ही चांगली गोष्ट. पण तो ग्रामीण भागापुरता होता, आणि ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता निम्मी किंवा त्याहून कमी होती मुख्यतः तेथे तो लागू झाला. म्हणजे मुंबई त्यातून आपोआप वगळली गेली. वरवर पाहता यात चूक काहीच नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता जवळजवळ ९० टक्के आली. परंतु या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. सहा वर्षांपर्यंतची मुले वगळून उरलेल्यांचे दहा टक्के काढले, तर आठ लाखांहून अधिक माणसे होतात. एखाद्या मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातही इतके निरक्षर नसतील! टक्केवारी चांगली असली की माणसे दिसेनाशी होतात. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. आता २०२७ ची ठरली आहे. तोवर हाच आकडा हाताशी आहे.

येथे आपल्या समाजाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुसलमान म्हणजे निरक्षर, असा एक समज आहे, आणि आपल्यापैकीही अनेकांना तो खरा वाटतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८ टक्के होती. राज्याच्या सरासरीपेक्षा ती किंचित जास्तच होती. मग दुखणे कोठे आहे? ते पुढच्या पायऱ्यांवर आहे. मुलगा आठवी-नववीत शाळा सोडतो आणि गाळ्यात कामाला लागतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नेमके यावरच बोट ठेवले, आणि आठवी झालेल्या मुलांना आयटीआयमध्ये प्रवेश मिळावा, अशी शिफारस केली. निरक्षर नाही, पण शिकलेलाही नाही, असा हा मधला माणूस आहे. आज मला काळजी आहे ती मुख्यतः त्याची.

कारण २०१५ नंतर सरकारी पैशाचा ओघ साक्षरतेकडून हुनराकडे, म्हणजे कौशल्य प्रशिक्षणाकडे वळला. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या पहिल्या वर्षात सुमारे २० लाख, २०१६ ते २०२० या दुसऱ्या टप्प्यात सुमारे एक कोटी दहा लाख, आणि तिसऱ्या टप्प्यात सात लाखांच्या आसपास नावे प्रशिक्षितांत मोजली गेली. वरळीचे ते श्रमिक विद्यापीठ ज्या योजनेचे पहिले रोप होते, तिचे २००० साली ‘जन शिक्षण संस्थान’ असे नामांतर झाले, आणि २०१८ मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. ही केवळ फाईल हलवण्याची बाब नव्हे. अक्षर एका खात्याकडे राहिले आणि हुनर दुसऱ्याकडे गेले. अर्थात, न्यायाने बोलायचे तर जन शिक्षण संस्थानांत येणाऱ्यांत पाचांपैकी चार स्त्रिया असतात, आणि अल्पशिक्षितांना दार उघडे ठेवणाऱ्या सरकारी योजनांत ही योजना पुष्कळ बरी आहे.

एक कोटी दहा लाख हा आकडा ऐकून आपण दबकून जातो. पण त्यातला मोठा वाटा अशा कारागिरांचा होता, ज्यांना काम आधीच येत होते. थोडेसे मार्गदर्शन आणि परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र दिले गेले. ते वाईट नाही, परंतु त्याला शिकणे म्हणता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात याहून अस्वस्थ करणारी माहिती आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतल्या सुमारे ९६ लाख नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा शून्यांनी भरलेला होता. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यांतून देण्याची सोय झाल्याने तो रकाना पुढे सक्तीचा राहिला नाही, असा खात्याचा खुलासा आहे. तो मान्य केला तरी अल्प मुदतीचे वर्ग आणि विशेष प्रकल्प यांत प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाले, ही गोष्ट उरतेच. तेव्हा नाव नोंदवले म्हणजे माणूस शिकला असे समजू नका, आणि तो शिकला म्हणजे कामाला लागला, असेही समजू नका.

आता मरोळकडे येतो. येथली औद्योगिक वसाहत आणि १९७३ साली सुरू झालेले सीप्झ यांनी आपल्या भागाला रोजीरोटी दिली. आज त्या कारखान्यांच्या पुष्कळ जागांवर काचेच्या इमारती आणि हॉटेले उभी आहेत. २०१४ पासून मेट्रो मरोळ नाक्यावरून जाते, आणि २०२४ पासून भुयारी मेट्रोही धावू लागली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वसाहतीतल्या एका कारखान्यात ते टर्नर होते. लेथवर त्यांचा हात इतका सफाईदार चाले की नवी मुले पाहायला उभी राहत. कारखाना बंद झाला. आज त्याच रस्त्यावरच्या एका इमारतीच्या फाटकावर ते पहारेकरी आहेत. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद मोबाईलवर इंग्रजीत करावी लागते. ती त्यांना जमत नाही, म्हणून बारा तासांची रात्रपाळी कायमची त्यांच्या गळ्यात पडली आहे.

ते एका मोफत प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेले होते. वय पंचेचाळीसच्या आत हवे, असे सांगण्यात आले. शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो गावी, पुरात गेलेल्या पेटीत होता. आणि वर्गाची वेळ होती सकाळी दहा ते चार. परत येताना ते मला म्हणाले, “भाईसाहेब, वर्ग फुकट आहे, पण तो मला परवडत नाही.” या एका वाक्यात सगळा विषय आला. १९७८ चा वर्ग तीनशे तासांचा होता, पण तो दहा महिन्यांत, संध्याकाळी, घराजवळ चाले. आजचा अल्प मुदतीचा वर्गही काहीशे तासांचा असतो; तो मात्र दिवसा, काही आठवड्यांत उरकला जातो. तास काही कमी नाहीत. पण दिवसा रोज बुडतो, आणि रोजावर जगणारा माणूस वर्गातून आपोआप गळतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही सरकारी पैशाने शिकणाऱ्या प्रौढांची संख्या २०१० नंतरच्या दशकात सुमारे तीस लाखांवरून जवळपास निम्म्यावर आली. तेथे अनुदान आटले, आणि २०१३ पासून वरच्या वर्गांसाठी चोवीस वर्षांपुढच्या माणसांना अनुदानाऐवजी कर्ज देऊ केले गेले. प्रौढ माणसाच्या डोक्यावर घरभाडे असते, मुलांची फी असते. शिकण्यासाठी कर्ज काढायला तो सहसा तयार होत नाही. तेथे पैशाने दार अडवले, येथे घड्याळाने.

मग करायचे काय? सरकारला दोष देऊन घरी जाणे सोपे आहे. पण काही दारे आजही उघडी आहेत. २०२२ ते २०२७ या मुदतीचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांपुढच्या सर्वांसाठी आहे, वयाला वरची मर्यादा नाही, आणि तो शहरांनाही लागू आहे. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. म्हणजे स्वयंसेवक मिळाले नाहीत तर तो कागदावरच राहणार. शाळा सुटलेल्यांना राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवीची परीक्षा आहे, आणि दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. या गोष्टी आपल्या किती आईबापांना ठाऊक आहेत?

माझ्या संस्थेला तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी सातनंतर प्रौढांसाठी उघड्या ठेवाव्यात. एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी. बायकांच्या वर्गाशेजारी त्यांच्या लहान मुलांना बसायला जागा द्यावी, नाहीतर वर्ग चार दिवसांत रिकामा होईल. दुसरी, अक्षर आणि हुनर वेगळे करू नयेत. शिलाई शिकणाऱ्या बाईने मापे स्वतः लिहावीत, पावती स्वतः फाडावी. पहारेकऱ्याने फाटकावरच्या मोबाईलवरच इंग्रजी अक्षरे गिरवावीत. तिसरी सूचना हजेरीपटाची. पहिल्या दिवशी किती नावे नोंदवली हे आपण नेहमीच छापतो. यापुढे शेवटच्या दिवशी किती माणसे बसली होती, आणि वर्षभराने त्यांचे काय झाले, हेही याच स्मरणिकेत छापावे. आकडा लहान आला तरी छापावा. लहान पण खरा आकडा पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते सांगतो.

आणि आपणा वाचकांना एक विनंती. ही स्मरणिका घरी नेल्यावर तिच्यातले एक पान आपल्या आईला, वडिलांना किंवा शेजारच्या काकींना वाचायला द्या. त्या अडखळल्या तर हसू नका आणि पान काढूनही घेऊ नका. कोठे अडतात ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शाळेपर्यंत घेऊन या. खोली उघडी ठेवण्याची जबाबदारी आपली सर्वांची आहे.