ठेच्यातलं मीठ

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला, पण आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र कुठला? म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. आज मीठ स्वस्त आहे आणि काळजी उलटी आहे: ते जास्त खाल्लं जातं.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे भाजी-वरणातच बरंचसं संपतं. वर ठेचा, लोणचं, पापड. पापडखार आणि खायचा सोडा यांतही मिठासारखंच सोडियम असतं, हे सहसा कुणी मोजत नाही. सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेह असेल तर हा ताण दुहेरी. मिठाने थेट साखर वाढत नाही, पण साखर आणि रक्तदाब ही जोडी वाईट.

सैंधव चालेल का? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, शिवाय बहुधा आयोडीनविना. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्यांनी मीठ एकदम तोडू नये. बाकीच्यांनी ताटात वरून मीठ घेणं थांबवावं. ठेच्यात लिंबू थोडं जास्त पिळलं, तर मीठ कमी पडल्याचं फारसं जाणवत नाही.