गोदीतला क्लॅरिओनेटवाला



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही उलट टपाली कळविले की, आम्ही एका अमेरिकन वाजंत्र्याविषयी बोलणार. चालक बुचकळ्यात पडले असतील. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर आणि दिवा विझविण्यापूर्वी. संगीताचे शास्त्र आम्हाला येत नाही. परंतु ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, त्यालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि तो गोदीत ओझी वाहत होता. एवढ्या दोन नात्यांच्या बळावर आम्ही हे धाडस करीत आहो.

त्याचे नाव जॉर्ज लुइस. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लीन्स नावाचे मोठे बंदर आहे. तिथे 13 जुलै 1900 रोजी एका कृष्णवर्णीय गरीब घरात तो जन्मला. असे सांगतात की, सात वर्षांचा असताना आईने त्याला खेळण्यातले व्हायोलिन घेण्यासाठी पंचवीस सेंट दिले. दुकानातली व्हायोलिने संपली होती, म्हणून पोराने एक पिपाणी आणली. पुढे पिपाणी गेली आणि हाती क्लॅरिओनेट आली. हे वाद्य आपल्याला परके नाही. लग्नाच्या बँडमध्ये लांब काळी नळी घेऊन नवरदेवाच्या घोड्यापुढे जो गडी वाजवीत असतो, त्याच्या हाती हेच वाद्य असते. लुइसला गुरू मिळाला नाही. तो कानाने शिकला.

त्या शहरातल्या काळ्या लोकांनी जी नवी गायनवादनाची तऱ्हा घडविली, तिला जाझ म्हणतात. तिचे एक मूळ आम्हाला फार जवळचे वाटते. तिथल्या गरिबांनी परस्पर मदतीची मंडळे काढली होती. सभासदाने वर्गणी भरायची आणि तो वारला की मंडळाने त्याला बँडसह स्मशानात पोचवायचे. जाताना संथ, शोकाचे वादन. परतताना मात्र नाचायला लावणारे. असल्या बँडमध्ये लुइसही वाजवी. सावकाराच्या आणि सरकारच्या दारी न जाता गरिबाने गरिबाच्या मरणाची बूज राखली आणि त्या वर्गणीवर एक कला पोसली गेली.

या संगीताची रीतही पाहण्यासारखी आहे. ट्रंपेट मूळ चाल धरून पुढे जाते, ट्राँबोन खालून आधार देतो आणि क्लॅरिओनेट त्या दोघांभोवती वेल चढावी तशी वरून फिरते. तिघेही एकाच वेळी आपापले बोलतात, पण एकमेकांचे ऐकत बोलतात. आमच्या कार्यकारिणीच्या सभेत हे साधले असते, तर आमचे निम्मे आयुष्य वाचले असते!

असो. लुइस वयात आला आणि मंदीचे दिवस आले. तो इव्हान थॉमस नावाच्या ट्रंपेटवाल्याच्या मेळात वाजवीत होता. एका रात्री कार्यक्रम चालू असतानाच थॉमसचा सुऱ्याने खून झाला आणि मेळ उधळला. त्याच मेळात बंक जॉन्सन नावाचा आणखी एक ट्रंपेटवाला होता. तो खेड्याकडे जाऊन मोलमजुरी करू लागला आणि पुढे दात गेल्याने त्याचे वादनच बंद पडले. लुइस शहरात परतला. पोटासाठी दिवसा गोदीत हमाली करायची आणि मिळेल त्या रात्री वाजवायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

ती गोदी कोणती, हेही ऐका. 1892 साली याच शहरात काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी मिळून सार्वत्रिक संप केला होता. 1907 साली सुमारे 10,000 गोदी कामगार एकजुटीने उभे राहिले. काम निम्मे काळ्यांना आणि निम्मे गोऱ्यांना, हा त्यांचा आपसातला करार होता. ज्या मुलखात ट्रॅममध्येसुद्धा काळ्यांना वेगळे बसवीत, तिथे हा करार झाला! परंतु 1923 च्या संपात मालकांनी या संघटनांचे कंबरडे मोडले. लुइस ओझी वाहू लागला, ती ही मोडलेली गोदी.

1942 साली जुन्या जाझचा शोध घेत काही शौकीन तिथे आले. बंक जॉन्सनला त्यांनी नवे दात बसवून दिले. ते दात सिडनी बेशे या नामांकित क्लॅरिओनेटवादकाच्या दंतवैद्य भावाने तयार केले होते. जॉन्सनच्या जोडीला लुइसला बसवून तबकड्या मुद्रित केल्या. तेव्हा लुइसने चाळिशी ओलांडली होती. जाणकारांनी वाहवा केली. लुइस पुन्हा गोदीत कामावर गेला; वाहवा वाण्याकडे चालत नाही.

1944 साली गोदीत एक अवजड पेटारा त्याच्यावर कोसळला. छाती जवळजवळ चेपलीच. ज्याचे सारे वाद्य श्वासावर चालते, त्याची छाती! तो घरी अंथरुणाला खिळून असताना विल्यम रसेल नावाचा संग्राहक मुद्रणयंत्र घेऊन आला. एक बँजो, एक मोठे बास आणि दुखऱ्या छातीचा लुइस. त्या घरातल्या खोलीत ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’ मुद्रित झाले. तेच पुढे त्याचे सर्वांत गाजलेले वादन ठरले. एका बोटीवरच्या खलाशाने युनियनच्या कचेरीत दिलेल्या फितीवर आम्ही ते प्रथम ऐकले. त्यात आक्रोश नाही. दिवसभर राबलेला माणूस ओट्यावर बसून शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलतो, तसे ते आहे.

रसिक म्हणतात, पाहा, दुःखातून कला जन्मते! आम्हाला हे वाक्य मान्य नाही. पेटारे रोज पडतात आणि त्यांतून संगीत निघत नाही. आमच्यात एक हमाल होता. ढोलकी अशी वाजवी की चाळ जागी राही. एका गोदामात थप्पी कोसळून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली. आम्ही त्याचा दावा लढविला. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होते. संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची 14 टक्के शक्ती गेली, मधले बोट गेले तर 12 टक्के. आम्ही 14 टक्क्यांचे पैसे मिळवून दिले आणि विजयी मुद्रेने त्याच्या घरी गेलो. त्याने पैसे मोजून घेतले. मग खुंटीवरच्या ढोलकीकडे बघून म्हणाला, “साहेब, हिचे किती टक्के?” आम्हाला उत्तर देता आले नाही. लुइस वाचला, त्याच्या दारी यंत्र घेऊन माणूस आला, म्हणून आज त्याचे नाव आपल्या तोंडी आहे. दुःखाने त्याला वादक केले नाही. दुःखाने त्याची दहाबारा उमेदीची वर्षे खाल्ली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. 1945 साली जॉन्सनचा मेळ न्यूयॉर्कला गेला आणि लुइसचे नाव झाले. 1949 साली जॉन्सन वारला; लुइस स्वतःचा मेळ चालवीत होता. केन कोलियर नावाचा एक इंग्रज खलाशी याच संगीताच्या वेडाने न्यू ऑर्लीन्सला पोचला आणि लुइसच्या मंडळींबरोबर वाजविला. परवान्याची मुदत संपली म्हणून त्याला तुरुंगात टाकून परत धाडले. 1957 साली त्याच कोलियरने आपल्या मेळासह इंग्लंडात लुइसची साथ केली. 1961 साली न्यू ऑर्लीन्समध्ये प्रिझर्व्हेशन हॉल नावाची साधी जागा सुरू झाली, तिथे लुइस वाजवू लागला. 1963 पासून तो जपानलाही जाऊन आला. 31 डिसेंबर 1968 रोजी तो वारला.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, ती आमच्याच जातीच्या लोकांविषयी. वादकांच्याही युनियन असतात. 1935 पासून सुमारे वीस वर्षे अमेरिकन बँडना इंग्लंडचे दरवाजे जवळजवळ बंद होते आणि त्यामागे दोन्ही देशांतल्या वादकांच्या युनियनचे भांडण होते. आपल्या सभासदाची भाकरी राखावी, हा हेतू वाईट नव्हे. पण भिंत बांधताना पलीकडे कोण उभा आहे, हे कोणी पाहिले नाही. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. लुइसच्या गावात वादकांच्या दोन युनियन होत्या. गोऱ्यांची 174 क्रमांकाची, काळ्यांची 496 क्रमांकाची. एकाच मातृसंस्थेच्या दोन शाखा! ज्या शहराच्या गोदीत 1907 साली हमालांनी निम्मे-निम्मे काम वाटून घेतले, तिथल्या वादकांच्या शाखा एक व्हायला 1969 साल उजाडले. तोवर लुइस मातीआड झाला होता.

म्हणून आम्हाला एवढेच सांगायचे आहे. आम्ही युनियनवाल्यांनी मजुरीचा दर मागितला, पाळी आठ तासांची मागितली, ते योग्यच केले. पण पाळी सुटल्यावर उरलेला माणूस कोण आहे, हे आम्ही क्वचितच विचारले. आठ तास मागायचे ते झोपण्यासाठीच नव्हे. कोणाची ढोलकी, कोणाचे भजन, कोणाची वही, यांसाठी मागायचे. आणि आपण रसिकांनी एखाद्या गरीब कलावंताचे कौतुक करताना त्याच्या गरिबीचे कौतुक करू नये.

उद्या आपल्या दारावरून वरात गेली, तर नवरदेवाकडे अवश्य पाहा. पण घटकाभर त्या क्लॅरिओनेटवाल्याकडेही पाहा. सकाळी तो कुठे ओझे वाहतो, त्याची छाती कशी आहे, हे कधी विचारा. आम्ही त्या ढोलकीवाल्याला अजून उत्तर दिलेले नाही. तो प्रश्न आज आपल्यापुढे ठेवला आहे.