हृदयाचा आलेख आणि बेताल ठोका

हृदयाच्या विद्युत्-आलेखाचा कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यावरील एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असले, की ठोके मिनिटाला ७५. हा हिशेब अर्थातच टोके समान अंतरावर असतील तरच खरा.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात नेमके हे अंतरच बिघडते. उंच टोकाआधी येणारी 'पी' ही लहान लहर नाहीशी होते, रेषा थरथरत राहते आणि टोके कोणत्याही क्रमाविना येतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नसल्याने तेथे रक्त साकळते. त्याची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. गुठळ्या रोखणाऱ्या औषधांनी हा धोका पुष्कळच कमी होतो. निदानाचे मोल ते येथे.

मात्र नेहमीचा आलेख अवघ्या दहा सेकंदांचा असतो. विकार मधूनमधून उद्भवणारा असेल, तर एरवीचा आलेख निर्दोष दिसतो आणि 'कागद चांगला आला' म्हणून रुग्ण निश्चिंतपणे घरी परततो. अशा वेळी चोवीस तास नोंद घेणारे होल्टर यंत्र उपयोगी पडते. नाडीची बेताल गती तर आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या बोटांनाही कळते. ती आढळताच, धडधड चालू असतानाच, आलेख काढून घ्यावा.